मोटारीच्या चाकांची ठेवण

मोटारीसारख्या विषयावर माझ्यासारख्या मनुष्यानें बोलावें याचें पुष्कळांस नवल वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें. पुढें सारा जन्म वर्धा जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत मुलांना त्रैराशिक आणि भूमिति शिकविण्यांत गेला. मोटार मला चालवितां येते, ती कशीबशी. पण गेल्या उन्हाळ्यांत माझ्या भाच्याच्या मोटारीनें मला निवृत्तीनंतर पुन्हां कोनमापक हातांत घ्यावयास लावला. त्यांतून जें कळलें तें, ज्यांच्या घरीं मोटार आहे आणि घरांत एखादा हौशी तरुणही आहे, अशा कुटुंबांच्या कानांवर घालावें म्हणून आज मी आपणांपुढें आलों आहें.

भाचा वर्ध्यास नोकरी करतो. त्यानें चपळ इंजिनाची एक लहान मोटार घेतली आणि वर्षभरांत तिचें रूप पालटून टाकलें. मूळच्या स्प्रिंगा काढून त्या जागीं उंची कमीजास्त करतां येईल अशा आखूड व कडक स्प्रिंगा बसविल्या. त्यांना ही मंडळी कॉइलओव्हर म्हणतात. मोटार पन्नास मिलिमीटर, म्हणजे चांगली दोन इंच, खालीं आली. अंगणांत उभी राहिली म्हणजे ती दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसे. मला तें रूप आवडलें होतें, हें मी कबूल करतों. वेगाचें वेड कांहीं आजचें नव्हे. आमच्या विदर्भांत शंकरपटासाठीं हलका छकडा बांधवून घेणारे आणि बैलजोडीला स्वतःच्या मुलांपेक्षां अधिक खाऊं घालणारे लोक मीं लहानपणीं पाहिले आहेत. न्यायालयाच्या हुकुमानें २०१४ सालीं बंद पडलेले पट २०२१ च्या डिसेंबरांत परवानगी मिळतांच पुन्हां भरूं लागले, तेव्हां वडाच्या पारावरचीं म्हातारीं माणसें सुद्धां उठून गेलीं. तेव्हां भाच्याला नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं.

मे महिन्यांतली गोष्ट. दुसऱ्या दिवशीं पहांटे भाचा, त्याची पत्नी, माझी बहीण आणि मी असे चौघे नाशिकला लग्नास जाणार होतों. येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गावर चढावयाचें आणि ऊन चढण्यापूर्वीं होईल तितका पल्ला गांठावयाचा, असा बेत होता. संध्याकाळीं त्याच्या अंगणांत माझा चष्मा खालीं पडला. तो उचलण्यास वांकलों, तोल सावरण्यासाठीं पुढच्या टायरच्या मागून हात घातला, आणि बोटाला कांहीं तरी टोंचलें. रबर झिजून आंतल्या तारा बाहेर आल्या होत्या. बाहेरच्या कडेला खांचा नव्यासारख्या. पहाणाऱ्यानें टायर उत्तम म्हणावा. आंतल्या कडेला मात्र तीन बोटें रुंदीचा पट्टा गुळगुळीत आणि त्याच्या शेवटीं तारा.

“मामाजी, टायर तर बारा हजार किलोमीटरही चालला नाहीं,” भाचा म्हणाला. “कॅम्बर जास्त आहे ना, म्हणून आंतून खाल्ला असेल. एवढं चालते. गॅरेजवाल्यानं मागच्याच महिन्यांत अलाइनमेंट करून दिली.”

“मापांचा कागद दिला कां रे त्यानं?”

“कागद नाहीं दिला.”

त्या रात्रीं आमचा बेत रद्द झाला. आम्ही रेल्वेनें, मिळेल त्या डब्यांत, उभ्यानें नाशिकला गेलों. बहीण वाटभर दोघांवरही रुसून होती. परत आल्यावर मीं भाच्यापाशीं एकच मागणें केलें: नवे टायर घालण्यापूर्वीं हे टायर कोणी खाल्ले, तें दोघांनीं मिळून शोधूं.

आतां चाकाच्या ठेवणींत तीन कोन मुख्य असतात. ते नीट समजले म्हणजे पुढचें सारें सोपें आहे. पहिला कॅम्बर. मोटारीपुढें उभें राहून पाहिलें असतां चाक ओळंब्यांत उभें आहे कीं आंत-बाहेर कललें आहे, तो हा कोन. चाकाचा माथा आंत, म्हणजे मोटारीकडे झुकला असेल तर त्याला उणा कॅम्बर म्हणतात. बाहेर झुकला तर अधिक. युरोपांतल्या जुन्या घोडागाड्यांचीं चाकें उथळ बशीच्या आकाराचीं करीत आणि आंसाचीं टोंकें खालीं वांकवून त्यांचे माथे बाहेर कलवीत, म्हणजे भार तोलणारा खालचा आरा जमिनीवर सरळ उभा राही. आजच्या वेगवान मोटारींत उलट करतात. वळणावर मोटारीचें धड बाहेरच्या बाजूस झुकतें व त्याबरोबर बाहेरचें चाकही कलतें. तें आधींच थोडें आंत कललेलें असलें तर ऐन वळणांत रस्त्यावर सपाट टेकतें.

दुसरा कोन कॅस्टर. सायकलीचा चिमटा पुढच्या बाजूस तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मोटारीचें चाक ज्या रेषेभोंवतीं वळतें, ती रेषाही तशीच मागें कललेली असते. वळण संपल्यावर सुकाणू आपोआप मधोमध येतें, तें मुख्यतः या कोनाच्या जोरावर.

तिसरा टो. याला मराठींत चाकाचा रोख म्हणावें. वरून पाहिलें असतां पुढचीं दोन चाकें अगदीं समांतर आहेत, कीं पुढच्या बाजूस एकमेकांकडे वळलीं आहेत, कीं फेंगड्या माणसाच्या पावलांसारखीं बाहेर फांकलीं आहेत, हें या कोनावरून कळतें. दिसावयास हा तिघांत लहान. कॅम्बर दोन अंश असला तरी डोळ्यांना दिसतो. टो अर्धा अंश असला तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आणि टायर खाणारा खरा हाच.

चाकें नेहमीं समांतरच असावींत असेंही नाहीं. खळ्यांत तिवड्याभोंवतीं फिरणारी बैलांची पात ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल कीं आंतला बैल आखूड पावलें टाकतो आणि बाहेरचा लांब. मोटारीच्या पुढच्या चाकांचेंही तसेंच. आंतल्या चाकाची वाट लहान वर्तुळाची, बाहेरच्याची मोठ्या. म्हणून वळतांना आंतलें चाक अधिक वळलें पाहिजे. म्यूनिक येथील लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिरानें ही युक्ति काढली व लंडनमध्यें त्याच्या वतीनें १८१८ सालीं तिचें पेटंट घेतलें रुडॉल्फ आकरमान यानें. आकरमान हा चित्रें व पुस्तकें छापून विकणारा. पण आज जगभर नांव चालतें तें त्याचें, कारागिराचें नव्हे. हें जातां जातां सांगितलें.

आतां हिशेब. चाकाचा रोख सरळ रेषेपासून केवळ पाव अंश ढळला आहे असें धरा. त्रिकोणमितीच्या कोष्टकावरून पाहिलें तर असें चाक दर किलोमीटरमागें ४ मीटर ३६ सेंटिमीटर आडवें घासलें जातें. तें पुढें लोळतें आहे, पण त्याचवेळीं एखाद्या खोडरबरासारखें बाजूला ओढलेंही जात आहे. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्यें पुरा खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत गेलेल्या त्या चाकाचें रबर तीन किलोमीटर आडवें खरवडून निघेल. त्या मानानें कॅम्बर पुष्कळ सौम्य. १८५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला एक अंश कॅम्बर दिला तर दोन कडांच्या उंचींत सुमारें सव्वातीन मिलिमीटरांचा फरक पडतो, आणि रबर दबून तो बराचसा सांवरून घेतें. आंतली कडा अधिक भार वाहते, थोडी लौकर झिजते, इतकेंच. कॅम्बर जास्त आहे म्हणून टायर खाल्ला, हें गॅरेजांतलें वाक्य म्हणूनच अर्धवट खरें असतें. कॅम्बर कोणत्या कडेनें खावयाचें तें ठरवितो. खाणारा बहुधा टो असतो.

मोटार खालीं आणली कीं टो बिघडतो तो कां, हें भाच्याला पाटीवर काढून दाखवावें लागलें. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकामागें एक उभा दांडा असतो, ज्यांत स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर एकत्र असतात. अर्ल मॅकफर्सन याच्या नांवानें तो ओळखला जातो. त्या दांड्याचें खालचें टोंक एका आडव्या भुजेनें धरलेलें असतें. शिवाय चाकाला वळविणारा टाय रॉड वेगळाच. चाक खालींवर होतांना भुजा आपल्या खिळ्याभोंवतीं एक वर्तुळखंड काढते आणि टाय रॉड दुसरा. कारखानदारानें ठरविलेल्या उंचीच्या आसपास हे दोन खंड एकमेकांशीं जुळते ठेवलेले असतात. मोटार दोन इंच खालीं आली कीं दोघेही आपल्या खंडाच्या दुसऱ्याच भागांत जातात आणि त्यांचें जुळणें संपतें. चाक आंत वळेल कीं बाहेर हें त्या त्या मोटारीच्या घडणीवर अवलंबून. पण तें जागचें हलतें हें निश्चित. एवढ्यावरही भागत नाहीं. पुढें प्रत्येक खड्ड्यागणिक व प्रत्येक उंचवट्यागणिक तो रोख थोडा थोडा बदलत राहतो, आणि सुकाणू न हलवितां मोटार इकडेतिकडे हुंगल्यासारखी चालते.

आणखी एक गंमत पाहा. मोटार खालीं आली म्हणजे ती वळणावर कमी झुकेल, असा सर्वांचा समज. पण ती आडवी भुजा पातळीच्या पलीकडे, म्हणजे बाहेरचें टोंक वर अशी झाली, कीं चाक आणखी दबतांना भुजा त्याच्या पायाला आंत ओढूं लागते आणि हवा असलेला उणा कॅम्बर वाढण्याऐवजीं घटतो. ज्या बिंदूभोंवतीं मोटारीचें धड झुकतें तो बिंदूही धडापेक्षां अधिक खालीं जातो, म्हणून झुकविणारी तरफ लांब होते. हें सारें कडक स्प्रिंगांनीं झांकलें जातें, नाहींसें होत नाहीं.

मापें घेण्यासाठीं आम्हीं माझेंच अंगण निवडलें. शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ आणली. चारी चाकांखालीं फरशीचे तुकडे सारून जमीन एका पातळींत केली. टायरांतली हवा थंड असतांना सारखी भरली. नंतर मीं दोन सोयाबीनचीं पोतीं पुढच्या आसनांवर ठेवावयास सांगितलीं. भाचा हंसूं लागला. पण मोटार रिकामी तर कधीं धांवत नाहीं. माणसें बसलीं कीं ती आणखी दबते आणि कोन पुन्हां बदलतात, तेव्हां ज्या भारानें ती रोज चालते त्या भारानेंच मोजली पाहिजे. मोटारीचें नाक दोन-चारदां दाबून सोडलें, चार पावलें पुढेंमागें ढकलली, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागीं बसल्या.

१४ इंची चाकाचा व्यास ३५५ मिलिमीटर धरला तर एक अंश कॅम्बरला माथा व पाय यांत ओळंब्यापासून ६.२ मिलिमीटरांचा फरक येतो. उजव्या चाकाला १८ मिलिमीटर भरले, म्हणजे जवळजवळ तीन अंश. डाव्याला १२, म्हणजे दोन. दोन बाजूंत एका अंशाचा फरक! मोटार एका अंगाला ओढते अशी भाच्याची तक्रार होती, तिचें मूळ येथें होतें. मग मोटारीच्या दोन्ही बाजूंस मध्यरेषेशीं समांतर दोऱ्या ताणून चाकाच्या पुढच्या व मागच्या कडेचें अंतर पट्टीनें मोजलें. दोन्ही चाकें मिळून टो सहा मिलिमीटर बाहेर. एका चाकास तीन. म्हणजे अर्ध्या अंशाला किंचित कमी. मीं तेथेंच पाटीवर गुणाकार केला: दर किलोमीटरला साडेआठ मीटर खरवड, आणि मुंबईपर्यंत जवळजवळ सहा किलोमीटर. भाच्याचें हंसणें थांबलें. जुन्या टायरवरून तळहात आडवा फिरविला तर एका दिशेनें मऊ आणि उलट दिशेनें करवतीच्या दातांसारखा लागत होता. ही टोची खूण. नुसत्या कॅम्बरनें झिजलेली कडा गुळगुळीत असते; दांते पडत नाहींत. ही परीक्षा कोणीही आपल्या दारांत करून पाहावी.

गॅरेजवाल्यानें काय केलें असावें? त्यानें बहुधा आधीं टो बसविला आणि मग कॅम्बरचे बोल्ट ढिले करून चाक कलविलें. किंवा टो बसवून झाल्यावर भाच्यानेंच स्प्रिंगा आणखी दोन फेरे खालीं घेतल्या. दुसरें झालें होतें, असें त्यानें मागाहून कबूल केलें. उंची, हवा, सांधे व रबरी बुशांतली ढिलाई हें सारें आधीं. मग मागचीं चाकें, कारण मागचीं चाकें तिरपीं ढकलीत असतील तर पुढें कितीही नेमकें मोजून उपयोग नाहीं. त्यानंतर कॅस्टर, मग कॅम्बर, आणि टो सर्वांच्या शेवटीं. उंचीला पुन्हां हात लागला कीं सारें पहिल्यापासून.

अखेर आम्हीं दुसऱ्या एका गॅरेजांत, जेथें यंत्राचा छापील कागद मिळतो तेथें, मोटार नेली. उंची अर्धी परत घेतली. पन्नासाच्या जागीं पंचवीस मिलिमीटर. नाक व शेपूट सारखेंच खालीं ठेवलें, कारण अडीच मीटर अंतराच्या चाकांत नाक पंचवीस मिलिमीटर अधिक झुकलें तर कॅस्टर अर्ध्या अंशाहून थोडा जास्त घटतो आणि वेगांत सुकाणू हलकें पडतें. पुढचा कॅम्बर उणें सव्वा अंश, दोन्हीकडे सारखा. शर्यतीच्या मैदानावर दोन-तीन अंश शोभतात. तेथें मोटार सदा वळणांत असते व टायर खर्चीं घातलेलेच असतात. रोजच्या रस्त्यावर एक ते दीड अंशापलीकडे जाण्यास मला कारण दिसत नाहीं. टो दोन्ही चाकें मिळून एक मिलिमीटर आंत. भाच्याला शून्य किंवा किंचित बाहेर हवा होता, कारण बाहेरच्या टोनें मोटार वळणाला चटकन् तोंड देते. पण मूळांत बाहेर असलेला टो ब्रेक दाबल्यावर रबरी बुशा दबून आणखी बाहेर जातो. समृद्धी महामार्गावर ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मैलोगणती सरळ वाट. तेथें चटकन् वळणारी मोटार कोणाला हवी? मागच्या चाकांना जोडणारी पन्हळ एकसंध असल्यानें तेथें फिरवावयास बोल्टच नव्हता. माप कारखान्याच्या मर्यादेंत होतें म्हणून तसेंच ठेवलें. नसतें, तर पातळ चकत्या घालाव्या लागल्या असत्या. अर्थात् हीं मापें त्या एका मोटारीचीं. प्रत्येकानें आधीं आपल्या मोटारीबरोबर आलेलें पुस्तक उघडावें. तें बहुधा कपाटांत जसेंच्या तसें पडलेलें असतें.

दोन गोष्टींत माझें व भाच्याचें अजून एकमत नाहीं. पहिली रस्त्याची. सरकारी मानकाप्रमाणें गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, सावकाश चढउताराचा असावयास हवा. आमच्या गांवोगांवचे गतिरोधक लोकांनीं रागाच्या भरांत घातलेले असतात आणि काळ्या मातीवरचा रस्ता दर पावसाळ्यांत फुगतो, उन्हाळ्यांत भेगाळतो. खालीं आणलेली मोटार चौघे बसल्यावर अशा जागीं पोट घासते, आणि एकदां जोरानें आपटली कीं आदल्या दिवशीं बसविलेला टो गेलाच. दुसरी गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखानदाराच्या मूळ नमुन्याशीं विसंगत असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच सांगितलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीप्रमाणें अशा प्रत्येक फेरबदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. पंचवीस मिलिमीटर कोण मोजतो, असें भाचा म्हणतो. अपघात झाल्यावर विम्याचा मनुष्य मोजतो, असें मी म्हणतों. मूळच्या स्प्रिंगा त्यानें विकल्या नाहींत, एवढें माझें ऐकलें. त्या माझ्या कोठीच्या खोलींत गोणपाटांत गुंडाळून ठेवल्या आहेत.

दिवाळीच्या सुटींत बहीण, भाचा व सून याच मोटारीनें पुण्यास जाऊन आलीं. निघण्यापूर्वीं बहिणीनें मला बोलावून घेतलें व चारी टायर आंतल्या बाजूनें पाहावयास लावले, खांचांतल्या १.६ मिलिमीटरांच्या आडव्या खुणा अजून पुष्कळ खोल होत्या. परत आल्यावर भाच्यानें स्वतःच खालीं वांकून आंतल्या कडेवरून हात फिरविला, मग बाहेरच्या, आणि जमाखर्चाच्या जुन्या वहींत तारीख, किलोमीटर व दोन्ही कडांची खोली लिहिली. दोन आंकड्यांत अर्ध्या मिलिमीटरांचा फरक होता. तो मला म्हणाला, “मामाजी, शून्य टो करून पाहूं कां एकदां?” मीं म्हटलें, आधीं पोतीं उतरवून घे, मग बोलूं.